सतरा नंबरचा ताम्रपट

रंगनाथ गडाखांचं पत्र मला २०१६ सालच्या फेब्रुवारीत आलं. त्याला मी उत्तर दिलं नाही. आज २०४३ साल आहे, म्हणजे त्या गोष्टीला सत्तावीस वर्षं झाली.

निळं आंतर्देशीय होतं. अक्षर मोठं, ओळी उजवीकडे खाली उतरत गेलेल्या. मजकूर मला पाठ आहे.

‘टिल्लू साहेबांस रंगनाथ गडाखचा नमस्कार. मी सिन्नरला घरीच असतो. पत्रास कारण की, एक गोष्ट डोक्यातून जात नाही. भूकंपाच्या मशीनच्या त्या चोवीस बोर्डांत एका बोर्डाचे दोन कोर मी खालीवर केले असावेत असं वाटतं. दुपारी जेवून आल्यावर लावलेला तो. हात आपोआप गेला. पण एकच केला की सगळेच केले, ते आता आठवत नाही. जितकं आठवायला जावं तितकं पुसट होतं. नकाशा तुमचा होता, तुम्हाला ह्यातलं कळतं. माझ्या हातून झालं का, तेवढं सांगा. झालं असेल तर तसं सांगा, मला राग नाही. नुसतं कळलं पाहिजे.’

मी तेव्हा नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात पीसीबीच्या थरांची मांडणी ठरवायचं काम करत होतो. कुठलंही यंत्र उघडलं की आत जी हिरवी पाटी दिसते, ती म्हणजे पीसीबी. आम्ही नुसतं बोर्ड म्हणायचो. वरून ती एकच पाटी वाटते, पण चिरोट्याला जसे पदर असतात तसे तिच्या आत तांब्याचे थर असतात. चार, आठ, कधी चाळीस. काही थरांत केसाएवढ्या बारीक वाटा कोरलेल्या असतात. त्या संदेश वाहतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. काही थर मात्र सलग तांब्याचे, नुसते पसरलेले. त्यांना ग्राउंड म्हणतात.

लोकांना वाटतं, वीज ट्रॅकवरून जाते आणि काम करते. ती परतही येते, हे फारसं कोणाच्या लक्षात नसतं. संदेश वेगवान असेल तर ती परत येताना जवळची सरळ वाट धरत नाही. शेजारच्या सलग थरातून, ज्या ट्रॅकवरून गेली त्याच्या बरोब्बर खालून, वळणाला वळण देत ती येते. वर ट्रॅक डावीकडे वळला की खाली तीही वळते. तिथे कोणी काही आखलेलं नसतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो. तेवढ्यासाठी मी पुढे तीस वर्षं हे काम केलं असं म्हटलं तरी चालेल.

म्हणून कोणत्या थराशेजारी कोणता थर, हाच आमच्या कामातला सगळा प्रश्न.

मी कागदावर क्रम लावायचो आणि गडाख तो प्रत्यक्ष लावायचे. दोन्ही अंगांना तांबं असलेल्या पातळ पाटीला कोर म्हणतात. आठ थरांच्या बोर्डात असे तीन कोर असतात. पहिल्यावर दोन आणि तीन नंबरचा थर, दुसऱ्यावर चार आणि पाच, तिसऱ्यावर सहा आणि सात. गडाख ते एकावर एक ठेवायचे, मधे राळ मुरवलेलं काचेचं कापड घालायचे, वर आणि खाली तांब्याचा एकेक पत्रा, आणि सगळं गरम प्रेसमध्ये. एकदा दाबलं की ते थर पुन्हा सुटे होत नाहीत. काही चुकलं असेल तर तेही आतच राहतं.

ते चोवीस बोर्ड एका धरणाभोवती बसवायच्या भूकंपमापकांसाठी होते. जमीन हलली की यंत्राने नोंद करायची आणि मोठा धक्का असेल तर गावातला भोंगा वाजवायचा. काम सुरू झालं त्या दिवशी गडाख एक कोर हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे, पण टेबलाशी आले की उभेच राहायचे.

‘साहेब, एक विचारू?’

‘विचारा की.’

‘हा तुमचा दोन नंबर फाटका आहे.’ त्यांनी कोर खिडकीच्या उजेडाकडे धरला. ग्राउंडच्या थरात आडवी, बोटभर रुंदीची फट होती.

‘मुद्दाम कापलाय. वरच्या थरावर सेन्सरचा नाजूक भाग आहे. बाकीच्या भागाची खळबळ त्याच्यापर्यंत पोचू नये म्हणून.’

‘असेल. पण फाटका पदर कोणी वर ठेवतं का? हा चार नंबर बघा, अख्खा आहे. ह्याला वर घ्या आणि तो जाऊ द्या खाली.’

‘पुस्तकात असंच दिलंय, गडाख.’

‘मग मिटलंच.’ ते हसले. ‘पण पुस्तक काय प्रेसवर येत नाही, साहेब. तिथं मलाच उभं राहावं लागतं.’

मी हसलो नाही. समोर माणूस उभा असला की मला लवकर काही सुचत नाही, आणि ज्याचं उत्तर पुस्तकात आहे त्यावर वाद कशाला, असंही वाटलं. ते गेले.

बोर्ड बसवल्यावर दोन महिन्यांत भोंगे वाजायला लागले. जमीन स्वस्थ होती, पण यंत्रं धक्के नोंदवत होती. डिसेंबरच्या थंडीत तीन वेळा आठ-दहा गावं घराबाहेर येऊन बसली. धावपळीत एका म्हातारबाबांचं कंबरेचं हाड मोडलं. चौथ्यांदा भोंगा वाजला तेव्हा कोणी बाहेर आलं नाही, आणि सगळ्यात वाईट ते होतं. प्रकल्पवाल्यांनी सगळी यंत्रं काढून नेली, कारखान्याला नोटीस पाठवली.

चौकशीच्या आधीच्या रविवारी मी ते पुस्तक पुन्हा काढलं. फटीबद्दलचा सल्ला होता तसाच होता. पान उलटल्यावर तळाशी बारीक अक्षरात एक टीप होती. फटीवरून वेगवान ट्रॅक कधीही नेऊ नये, कारण खालून परतणाऱ्या विजेची वाट तिथे तुटते. माझ्या नकाशात वरच्या थरावरचे अकरा ट्रॅक फट ओलांडत होते. गिऱ्हाइकाने शेवटच्या आठवड्यात बदल सांगितला होता, तेव्हा घातलेले. टीप मी आधी वाचली नव्हती. पान उलटलं नव्हतं.

तरी त्यामुळेच बिघाड झाला, असं मला खात्रीने म्हणता येत नव्हतं. एरवी मी स्वतःवर इतका संशय घेतो की दाराला कुलूप लावल्यावर चार वेळा ओढून बघतो. त्या आठवड्यात मात्र तोच स्वभाव सोयीचा झाला. खात्री नाही ना, मग बोलायचं कशाला.

चौकशीत मॅनेजरांनी विचारलं, ‘गडाख, कोर खालीवर झाले होते का?’

‘झाले असतील एखाद्या वेळी, साहेब. नाहीच झाले असं कसं सांगू?’

मॅनेजरांनी माझ्याकडे पाहिलं. ‘आणि नकाशा?’

‘नकाशात क्रम बरोबर आहे,’ मी म्हणालो.

ते खरं होतं. क्रम बरोबरच होता.

पडताळून बघायचा मार्ग नव्हता. कोर खालीवर झाले तरी आरपार भोकांतून सगळी जोडणी जुळते, त्यामुळे तपासणीच्या यंत्राला असा बोर्ड चांगलाच वाटतो. साध्या क्ष-किरणात सगळे थर एकमेकांवर पडलेल्या सावल्यांसारखे दिसतात, वर कोण आणि खाली कोण ते कळत नाही. थरांचे नंबर आम्ही पत्र्याच्या कडेला कोरायचो आणि ती कड शेवटी कापून भंगारात जायची. बोर्ड कापून बघावा, तर एकही आमच्याकडे परत आला नाही. गडाखांनी नाही म्हटलं असतं तर कदाचित ते सुटले असते. ते खरं बोलले आणि महिन्याभरात घरी गेले. वर्षाने त्यांचं पत्र आलं.

मी पुढे निवृत्त झालो. पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी थरांच्या मांडणीवर मराठीत एक छोटं पुस्तक लिहिलं. त्याच्या सहाव्या प्रकरणात, प्रेसवर कोर खालीवर झाल्यास काय होते ह्याचं उदाहरण म्हणून, मी ते चोवीस बोर्ड दिले. नाव कोणाचं घातलं नाही. आठ आवृत्त्या निघाल्या. मुलांनी परीक्षेत ते उदाहरण लिहिलं आणि त्यांना मार्क मिळाले.

*

तांब्यात खुणा राहतात, हा शोध २०३८ सालचा.

तांबं गुळगुळीत दिसलं तरी ते बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं. वीज वाहते तेव्हा त्या कणांच्या कडांवरचे अणू किंचित ढकलले जातात. किती, तर दिवसाला न मोजण्याइतके. पण वीज त्याच जागेवरून वर्षानुवर्षं जात राहिली तर कण एका बाजूला कलतात, रोजच्या जाण्यायेण्याने गवत झुकावं तसे. हा कल इतका सूक्ष्म की आधीच्या कुठल्याच उपकरणाला दिसला नव्हता. हिऱ्याची एक पातळ चकती आणि क्ष-किरणांची बारीक शलाका ह्यांनी तो वाचता यायला लागला, तोही बोर्ड न कापता, यंत्र बंद न करता. प्रत्येक थर वेगळा दिसतो आणि त्या थरातून आयुष्यभर वीज कुठून कुठे गेली ते दिसतं. त्या चित्राला आपल्याकडे ताम्रपट हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण सगळे तेच म्हणतात.

चार वर्षांत काय काय झालं! जुन्या लिफ्टचे, इंजिनांचे, दवाखान्यातल्या यंत्रांचे ताम्रपट निघाले. कोणाचा दोष कोणाच्या माथी मारला गेला होता, ते उलगडायला लागलं. कुठल्याशा गावी एका ड्रायव्हरच्या विधवेला बावीस वर्षांनी माफीचं पत्र आलं. माझे एक जुने सहकारी अनोळखी नंबरचा फोन घेईनासे झाले. मी त्यांना हसलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मीही घेत नाही.

गेल्या नोव्हेंबरात फोन वाजत होता आणि मी वर्तमानपत्र वाचत होतो.

‘अहो, घ्या की,’ माझी बायको कुमुद आतून म्हणाली. ‘चावणार नाहीये तो.’

‘अनोळखी आहे.’

‘मीही अनोळखीच होते. लग्न केलंत ना?’ तिने येऊन स्वतःच उचलला, दोन मिनिटं बोलली आणि माझ्या हातात दिला. ‘मुजावर म्हणून मुलगी आहे. भूकंपाचं काहीतरी विचारतेय.’

डॉ. नाझनीन मुजावर साताऱ्याच्या, वय पस्तिशीचं. त्यांचं काम जुन्या भूकंपमापकांचे ताम्रपट वाचण्याचं. ‘सर, धरणाजवळ आंबेघळला एक यंत्र अजून चालू आहे,’ त्या म्हणाल्या. ‘सतरा नंबर. बाकीची तेवीस काढून नेली तेव्हा घाटाचा रस्ता खचला होता, म्हणून हे राहिलं, आणि पुढं सगळे विसरले. अठ्ठावीस वर्षं झाली. एक खोटा धक्का नाही. मला समजेना हे कसं काय! बोर्डावर तुमच्या कारखान्याचा शिक्का आहे. मूळ नकाशा असेल का तुमच्याकडं?’

नकाशा होता. मी काहीच टाकत नाही.

‘बघतो,’ म्हणून मी फोन ठेवला. मग कुमुदला सगळं सांगितलं. गडाख तिला माहीत होते, पत्रही माहीत होतं. पानाखालची टीप तिला माहीत नव्हती. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती.

ती बराच वेळ शेंगा सोलत राहिली. ‘जायचं ना आंबेघळला?’ शेवटी म्हणाली.

‘त्यांना नकाशा पाठवून देता येईल.’

‘पाठवता येईल. आणि मग त्या काय म्हणतात ते फोनवर ऐकायचं नाही, असंच ना? मी येते बरोबर. एकटे गेलात तर घोटीवरून परत याल.’

*

आंबेघळची खोली दगडी, जमिनीत अर्धी पुरलेली. बाहेर कारवीचं रान. दाराशीच नाझनीन उभी होती, बारीक अंगाची, पायात जाड मोजे.

‘चपला बाहेरच काढा हां, सर. आणि मावशी, हळू पाय टाका. आतलं यंत्र मुंगीचं चालणंसुद्धा लिहून ठेवतं.’

‘मग माझं चालणं कुठल्या वहीत मावणार?’ कुमुद म्हणाली. नाझनीन खळखळून हसली आणि पडद्यावरची रेघ थरथरली.

यंत्र कोपऱ्यात, धान्याच्या डब्याएवढं. त्याच्यावर तिने हिऱ्याच्या चकतीचं वाचक बसवलं होतं. तिने दिवा घालवला आणि समोरच्या काचेच्या टेबलावर बोर्ड उमटला. हातभर लांबीचा, हवेत तरंगणारा. मग त्याचे थर एकमेकांपासून सुटून वर-खाली झाले, आणि जे प्रेसमध्ये कायमचं मिटलं होतं ते मी उघडं पाहिलं.

वर माझे ट्रॅक होते. मीच आखलेले, पण मी ते असे कधी पाहिले नव्हते. त्यांच्याखाली सलग तांब्याचा थर होता, आणि त्या कोऱ्या थरात, जिथे मी एक रेघही ओढली नव्हती, तिथे फिकट उजेडाच्या वाटा होत्या. वर ट्रॅक जिथे वळला तिथे खालची वाट वळली होती. वर दोन ट्रॅक जवळ आले तिथे खाली दोन वाटा जवळ आल्या होत्या. पन्नास वर्षांपूर्वी वाचलेली ओळ माझ्यासमोर तांब्यात उमटलेली होती. अठ्ठावीस वर्षं, दर सेकंदाला कोट्यवधी वेळा, वीज इथून गेली होती आणि त्याच खुणेने परत आली होती, आणि ह्या घळीत ते बघायला कोणी नव्हतं.

‘थांबा,’ नाझनीन कुजबुजली. ‘आला एक. बारीकसा.’

मला काहीच जाणवलं नाही. पण पडद्यावरची रेघ हलली आणि त्याच क्षणी टेबलावरच्या बोर्डात सेन्सरपासून एक चमक निघाली, ट्रॅकवरून पलीकडे गेली, आणि खालच्या थरातून तिची जोडीदारीण तीच वळणं घेत परत आली. जमिनीखाली दहा-बारा किलोमीटरवर कुठेतरी एक खडक केसभर सरकला होता. कुमुदने माझा दंड घट्ट धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि अंधार होता हे बरं झालं.

‘आता नकाशा दाखवा, सर.’

मी कागद पसरला. तिने बोटाने थर मोजले, पुन्हा मोजले.

‘हे बघा. तुमच्या नकाशात एक नंबरखाली दोन नंबर आहे, फटीचा. इथं एक नंबरखाली चार नंबर आहे, अख्खा. दोन-तीनचा कोर खाली गेलाय. प्रेसवर खालीवर झाले असणार.’

‘हो,’ मी म्हणालो.

‘आणि म्हणूनच हा जगला!’ तिच्या आवाजात नवल होतं. ‘तुमचा क्रम मी कॉम्प्युटरवर चालवून बघते हां.’ तिने थर जागच्या जागी फिरवले. आता ट्रॅकखाली फट आली. चमक निघाली, पलीकडे गेली, परतताना फटीशी अडली आणि फटीच्या टोकाला लांबचा वळसा घालून पसरत आली. वाटेत सेन्सरच्या ट्रॅकखालून गेली. शेजारच्या पडद्यावर एक धक्का उमटला. जमीन स्वस्थ होती.

‘बाकीच्या तेवीस यंत्रांच्या जुन्या नोंदी माझ्याकडं आहेत,’ ती म्हणाली. तिने त्यातली एक उघडून शेजारी ठेवली. दोन्ही रेघा चढ-उतारासकट सारख्या होत्या. ‘म्हणजे ते तेवीस तुमच्या नकाशाबरहुकूम बनले होते. बरोबर बनले आणि बिघडले. हा एक चुकला आणि टिकला. क्रम बदलल्यामुळं तीन आणि सहा हे दोन ट्रॅकचे थर समोरासमोर आलेत, खरं तर त्यांनी गोंधळ घालायचा. पण तुम्ही तीनचे ट्रॅक उभे नेलेत आणि सहाचे आडवे, म्हणून एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही. तेवढं तुमचं झकास आहे, सर.’

ती मनापासून म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं.

‘अहवालात मी लिहिणार, उत्पादनात अपघाताने झालेला फरक आणि त्याचा योगायोगाने फायदा. चालेल ना?’

चाललं असतं. अपघात आणि योगायोग, दोन्हींत माणसाचं नाव लागत नाही. माझं पुस्तक नवव्या आवृत्तीला निघालं असतं. अंधारात कुमुद माझ्याकडे वळली.

‘नाझनीन,’ मी म्हणालो, ‘दिवा लाव जरा.’

तिने दिवा लावला आणि मी तिला सगळं सांगितलं. खिडकीच्या उजेडात धरलेला कोर, ‘फाटका पदर कोणी वर ठेवतं का’, पानाखालची टीप, चौकशी, पुस्तकाचं सहावं प्रकरण. सांगताना मी तीनदा मागे जाऊन चुका दुरुस्त केल्या. ती जमिनीवर मांडी घालून ऐकत होती.

‘म्हणजे त्यांना दिसलं होतं?’ तिने विचारलं.

‘त्यांना कारण सांगता आलं नसतं. पण दिसलं होतं.’

‘आणि हा सतरा नंबर? मुद्दाम लावला असेल त्यांनी?’

‘ते म्हणतात, हात आपोआप गेला.’

ती थोडा वेळ टेबलावरच्या वाटांकडे पाहत राहिली. ‘मग काय लिहू, सर?’

‘नकाशा चुकीचा होता असं लिही. नकाशा करणारा मोरेश्वर टिल्लू. सतरा नंबरचे थर रंगनाथ गडाखांनी लावले. त्यांनी नकाशातली चूक काम सुरू झालं त्याच दिवशी दाखवली होती, हेही लिही.’

‘तुमच्या नावानं टीका होईल.’

‘होईल,’ मी म्हणालो. मला भीती वाटत होती, अजूनही वाटते आहे.

*

घरी आल्यावर चार दिवस मी पत्र लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात दोन पानं झाली तरी मी विजेच्या परतीच्या वाटेपर्यंतच आलो होतो. दुसऱ्यात माझ्या स्वभावाबद्दल बरंच होतं. गडाख हयात आहेत की नाहीत हेही मला माहीत नव्हतं, आणि नसतील तर, ह्या विचाराने मी चौकशी करत नव्हतो.

पाचव्या दिवशी मी आंघोळ करून आलो तर कुमुद फोन ठेवत होती.

‘आहेत,’ ती म्हणाली.

‘कोण?’

‘कोण काय? गडाख. सिन्नरला फोन केला मी. नाझनीननं नंबर शोधून दिला. सूनबाईंशी बोलले, त्यांना काही सांगितलं नाही, नुसती जुनी ओळख म्हटलं.’ ती खुर्चीत बसली. ‘अठ्ठ्याहत्तरीचे आहेत. चालतात, जेवतात, पण हातात काही काम घेत नाहीत म्हणाल्या. पूर्वी म्हणे नुसत्या स्पर्शाने कागदाची जाडी सांगायचे. आता पापड रचायला दिले तरी चार रचून झाले की हाक मारतात, बघ गं, नीट लागले ना? सासूबाई होत्या तोवर त्या चिडायच्या. आता नातवंडं हसतात.’

मी टॉवेल हातात धरून उभा होतो.

‘लिहा आता,’ कुमुद म्हणाली. ‘दोन पानं प्रस्तावना नको. त्या माणसानं काय विचारलंय? माझ्या हातून झालं का. त्याचं उत्तर पहिल्या ओळीत लिहा.’

मी बसलो आणि तासाभरात पत्र झालं.

‘रंगनाथराव गडाख ह्यांस सप्रेम नमस्कार. तुमच्या १० फेब्रुवारी २०१६ च्या पत्राचं उत्तर.

बिघाड तुमच्या हातून झाला नाही. माझ्या नकाशामुळे झाला.

तुम्ही एकाच बोर्डाचे कोर खालीवर केलेत, सतरा नंबरच्या. तो आंबेघळला आहे आणि अठ्ठावीस वर्षं न चुकता चालू आहे. बाकीचे तेवीस तुम्ही माझ्या नकाशाप्रमाणे अचूक लावलेत आणि म्हणून ते बिघडले. दोन नंबरचा थर वर नको होता. तुम्ही टेबलाशी येऊन म्हणालात ते बरोबर होतं.

चौकशीच्या आधीच मला ह्याची शंका आली होती. मी बोललो नाही. नकाशात क्रम बरोबर आहे, हे वाक्य खरं होतं, आणि मी ते तुम्हाला वाचवायला नव्हे, मला वाचवायला म्हटलं. तुमचं पत्र आल्यावर तुमच्या शंकेने मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो, कारण ते न लिहिता हे पत्र पूर्ण होणार नाही. माझ्या पुस्तकातून ते प्रकरण मी काढायला सांगितलं आहे. सरकारी अहवालात तुमचं नाव येईल. त्याची प्रत डॉ. नाझनीन मुजावर स्वतः आणून देतील आणि तुमची इच्छा असेल तर तुम्हाला आंबेघळला नेतील. तिथे तुमच्या हाताने लावलेले थर आतून बघता येतात. प्रकृतीला झेपत असेल तर जरूर बघा. मी माझ्या आयुष्यात त्याहून सुंदर काही पाहिलेलं नाही.

आपला, मोरेश्वर टिल्लू.’

कुमुदने ते वाचलं, एका ठिकाणी अनुस्वार दिला आणि परत केलं.

आमच्याकडे आता पत्रपेट्या नाहीत, पोस्टात जाऊन खिडकीवर द्यावं लागतं. खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी पत्र तोलून पाहिलं.

‘हाताने लिहिलेलं? बऱ्याच दिवसांनी आलं हो असं. पोच हवी का, आजोबा? ते सही करतील, तुम्हाला परत येईल.’

मी विचार केला. सही घ्यायची म्हणजे त्यांच्याकडून काहीतरी मागायचं.

‘नको. त्यांना मिळालं की झालं.’

त्यांनी तिकीट लावलं.

‘जरा एकदा देता का?’ मी हात पुढे केला. ‘पत्ता बघतो, बरोबर लिहिलाय ना.’

‘तीनदा बघून झालाय,’ कुमुद मागून म्हणाली. ‘बाई, देऊ नका.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, कुमुदकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. मग पत्र सिन्नरच्या पिशवीत टाकलं.